पहिली दाढी घरच्या आरशासमोर : पाणी, पाते आणि नागपूरचा उन्हाळा

घरी दाढी करायला शिकू पाहणाऱ्या मुलापुढे दुकानदार सर्वांत आधी रेझर ठेवतो, आणि क्रम तेथेच चुकतो. दोन पाती की पाच, हँडल रबराचे की धातूचे, या चर्चेत पहिले तीनचारशे रुपये संपतात. घरी आल्यावर मात्र तो मुलगा गालावर दोन हबके पाणी मारून त्याच मिनिटाला खरवडायला सुरुवात करतो. त्यानंतर गळ्यावर जे लाल पुरळ उठते, त्याचा दोष पात्याला दिला जातो. माझ्या अनुभवाने दाढीचे निम्मे काम पाण्याचे आणि वेळेचे आहे, आणि उरलेल्या निम्म्यात हात, साबण आणि पाते येतात. म्हणून या लेखातही पाणी आधी आणि रेझर नंतर, असाच क्रम ठेवला आहे.

कोरडा केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा चिवट धागा असतो. तो पाणी शोषून फुगतो आणि मऊ पडतो. त्याला साधारण दोन ते तीन मिनिटे लागतात, आणि त्यानंतर तो कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. आपल्याकडे वडाभाताच्या वड्यांची डाळ भिजत घातल्याशिवाय कोणी वाटायला घेत नाही, आणि घेतलीच तर मिक्सर काय आवाज करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. न भिजलेल्या खुंटांवरून पाते फिरते तेव्हा नेमके तेच होते. फरक इतकाच की मिक्सरच्या जागी आपली कातडी असते.

आधी पाण्याची परीक्षा

नागपुरात सगळीकडे सारखे पाणी येत नाही. नळाचे पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हान या नद्यांचे. पण शहराच्या कडेने वाढलेल्या लेआउटमध्ये आणि अनेक खोल्या-वसतिगृहांमध्ये आंघोळीला बोअरचे पाणी असते आणि ते बहुधा जड, म्हणजे क्षारांचे, असते. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलाला गावी नीट होणारा फेस येथे होत नाही, तेव्हा तो क्रीम बदलतो, मग ब्रश बदलतो, आणि पाण्याकडे त्याचे लक्षच जात नाही.

परीक्षा अगदी सोपी आहे. दोन पारदर्शक बाटल्या अर्ध्या भराव्यात, एकीत घरचे पाणी आणि दुसरीत आरओ यंत्राने, म्हणजे क्षारही गाळणाऱ्या यंत्राने, शुद्ध केलेले पिण्याचे पाणी. दोन्हींत अंगाच्या साध्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाकून सारख्याच वेळा जोरात हलवावे. शाम्पू किंवा भांड्यांचे द्रावण येथे वापरू नये, कारण त्यांना जड पाण्यातही फेस येतो आणि परीक्षा फसते. माझ्या खोलीत केलेल्या प्रयोगात शुद्ध पाण्याच्या बाटलीत बोटभर उंचीचा दाट फेस पाच मिनिटांनंतरही उभा होता. बोअरच्या पाण्याच्या बाटलीत मात्र फेस लगेच विरला, पाणी ताकासारखे गढूळ झाले आणि काचेला पांढरे कण चिकटून राहिले. हे कण म्हणजे पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांनी साबणाशी संयोग पावून केलेला साका. दाढीची क्रीमही शेवटी साबणच असते. ट्यूबच्या मागे स्टिअरिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही नावे दिसली, तर या दोहोंच्या संयोगातून तिचा साबण बनला आहे असे समजावे. हाच साका गालावर बसला की फेस कोरडा पडतो आणि पाते घसरायचे सोडून अडकते.

यावर उपाय म्हणून घरभर सॉफ्टनर बसवण्याची गरज नाही. दाढीला एकूण एक मग पाणी पुरते, आणि तेवढे पाणी आरओ यंत्रातून काढून कोमट करून घेतले की काम भागते. पाणी उकळल्याने जडपणाचा फक्त एक भाग जातो, तो भांड्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपाने दिसतो, आणि उरलेला पाण्यातच राहतो. आरओ यंत्राच्या बारीक नळीतून जे पाणी वाया जाते, ते काटकसर म्हणून दाढीला घेणारेही मी पाहिले आहेत. यंत्राने गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात उतरलेले असल्यामुळे ते मूळच्या पाण्याहूनही जड असते. ते फरशी पुसायला ठेवावे.

खरेदी : काय घ्यावे आणि काय दुकानातच सोडावे

सीताबर्डीच्या मेन रोडवर, धरमपेठेत किंवा गल्लीतल्या किराणा दुकानातही सुरुवातीचे सगळे सामान मिळते. इतवारीच्या ठोक बाजारात पात्यांची पाकिटे स्वस्त पडतात, परंतु नवख्याने कोणतेही पाते पहिल्याच फेरीत डझनावारी घेऊ नये, कारण ते आपल्या चेहऱ्याला मानवते की नाही हे चारसहा दाढ्यांशिवाय कळत नाही. दाढीच्या क्रीमवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे; दुकानात जुना माल पडून असेल तर छापील किमतीकडे लक्ष असू द्यावे.

सुरुवातीला लागतात त्या पाच वस्तू : ट्यूबमधली साधी क्रीम, ब्रश, रेझर, तुरटीचा खडा आणि दाढीनंतर लावायचे बिनअल्कोहोलचे मलम किंवा लोशन. प्री-शेव्ह तेल, चेहऱ्याचा स्क्रब, दाढीचा शाम्पू, लाकडी पेटीत घालून विकले जाणारे भेटसंच, हे सगळे पहिल्या तीन महिन्यांत नको. भेटसंचातली एखादी वस्तू चांगली असते आणि बाकीच्या तिच्या सोबतीला आलेल्या असतात.

ब्रश घेताना दुकानदार कधी डुकराच्या केसांचा तर कधी बॅजर या प्राण्याच्या केसांचा दाखवतो. मी नवख्याला कृत्रिम तंतूंचाच ब्रश सुचवीन, आणि त्याचे कारण आपला पावसाळा आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नैसर्गिक केसांचा ब्रश दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही आणि त्याला वास येऊ लागतो. कृत्रिम ब्रश झटकला की तासाभरात बराचसा वाळतो, शिवाय तो स्वतः कमी पाणी पीत असल्यामुळे थोड्या क्रीममध्येही चांगला फेस देतो.

डब्यातून भसकन निघणारा तयार फेस घाईच्या दिवशी सोयीचा असतो, हे मान्य केले पाहिजे. पण तो बहुतांश हवा असते आणि केसांच्या मुळाशी पोहोचायला त्याला वेळच दिला जात नाही. ब्रशने दीड मिनिट फेस करणारा माणूस नकळत केसांना दीड मिनिट भिजवत असतो, हाच ब्रशचा खरा फायदा आहे. आणखी एक गोष्ट येथील उन्हाळ्यासाठी म्हणून सांगतो. अशा डब्यात दाबाखाली वायू भरलेला असतो आणि ५० अंश सेल्सियसहून अधिक उष्णतेत तो ठेवू नये अशी सूचना त्यावर छापलेली असते. मे महिन्यात सावलीतला पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. प्रवासाची पिशवी गाडीत तशीच ठेवण्याची सवय असेल, तर एप्रिल ते जून ट्यूबच बरी.

रेझर : किती पाती पुरेत

सुट्या पात्याचा सेफ्टी रेझर बाजारात रुजवणाऱ्या किंग कॅम्प जिलेट यांनी विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती विकली होती. पुढे १९७१ मध्ये त्यांच्या कंपनीने जोडपात्याचा रेझर आणला, १९९८ मध्ये तीन पात्यांचा आणला, आणि तेव्हापासून पाती वाढवण्याची शर्यतच लागली.

या शर्यतीत भारतीय ग्राहकाचा एक किस्सा फार बोलका आहे. २००२ च्या सुमारास जिलेटने भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला आणि त्याची चाचणी अमेरिकेत, एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून करून घेतली. तेथे सगळे ठीक निघाले, कारण विद्यार्थी वाहत्या नळाखाली रेझर धूत होते. भारतात मात्र असंख्य लोक एका वाटीभर किंवा पेलाभर पाण्यात दाढी उरकतात; त्या पाण्यात पात्यांमध्ये अडकलेले केस निघेनात. मग लोकांच्या घरी जाऊन, ते दाढी कशी करतात हे पाहून एकाच पात्याचा गार्ड हा रेझर बनवला गेला आणि २०१० मध्ये तो १५ रुपयांना, तर त्याचे सुटे पाते ५ रुपयांना बाजारात आले. मगमध्ये रेझर बुडवणाऱ्याने या गोष्टीतून इतकेच घ्यावे की पात्यांची संख्या वाढली की पाण्याची गरजही वाढते.

जास्त पात्यांचा दुसरा प्रश्न कुरळ्या केसांचा. पहिले पाते केसाला किंचित बाहेर ओढते, मागचे पाते त्याला कापते, आणि उरलेला तुकडा कातडीच्या पातळीखाली जातो. गाल अगदी गुळगुळीत लागतो तो यामुळेच. पण केस कुरळा असेल तर तो वाढताना बाहेरची वाट सोडून आतच वळतो, आणि गळ्यावर टणक, दुखऱ्या पुळ्या येतात. ज्यांना अशा पुळ्या येतात त्यांनी पाच पात्यांचा महागडा रेझर घेणे म्हणजे पैसे देऊन दुखणे विकत घेणे होय.

माझा सल्ला असा आहे की पहिला महिना एक किंवा दोन पात्यांचा, फिरत्या डोक्याचा स्वस्त रेझर वापरावा आणि हात बसल्यावर दुधारी पात्याच्या सेफ्टी रेझरकडे वळावे. धातूचा रेझर एकदा घेतला की वर्षानुवर्षे टिकतो. साधे देशी दुधारी पाते साधारण दोन ते सहा रुपयांच्या दरम्यान पडते, तर तीन पात्यांच्या नामांकित कार्ट्रिजचा, म्हणजे रेझरच्या बदलायच्या डोक्याचा, एक नग शंभर रुपयांच्या पुढे जातो. जपानी फेदर पात्याची धार फार तीव्र असते. आंतरजालावरची स्तुती वाचून नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. विजेचा शेव्हर घाईच्या माणसाला ठीक असतो, परंतु दोनतीन दिवसांची वाढ असेल तर तो केस ओढतो, आणि त्याची सवय व्हायला कातडीला दोनेक आठवडे लागतात.

पाते किती दाढ्या चालते, याला एकच उत्तर नाही. माझ्या खरबरीत दाढीला चार-पाच. एमआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की पोलादाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाइतकाच कठीण असलेला केसही पात्याच्या धारेचे बारीक टवके उडवतो. पाते झिजते कमी आणि टवकते जास्त. केस ओढला जातो आहे असे वाटले की ते त्याच दिवशी बदलावे. उद्यासाठी ठेवलेले बोथट पाते आपण उद्या अधिक जोराने दाबतो, आणि कापते ते दाबल्यामुळेच.

आरशासमोर

पहिल्या दाढीच्या आदल्या दिवशी एक काम करावे. दोन दिवसांच्या खुंटांवरून चारही दिशांनी बोटे फिरवावीत. ज्या दिशेने बोट अडत नाही ती केसांची दिशा, ज्या दिशेने खरखरते ती उलट. गालावर केस बहुधा खाली येतात, पण गळ्यावर ते आडवे, वर, आणि काहींच्या बाबतीत कंठमण्याशेजारी चक्क भोवऱ्यासारखे वाढतात. एका कागदावर चेहऱ्याची बाह्यरेषा काढून त्यात बाण काढावेत आणि तो कागद आठवडाभर आरशाला चिकटवून ठेवावा. घरातले हसतील, त्याला इलाज नाही.

दाढी आंघोळीनंतर करावी, किंवा चेहरा साबणाने धुऊन कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल दोन मिनिटे गालांवर धरावा. पाणी कोमटच हवे. कढत पाण्याने कातडी सुजते आणि नंतर आग होते. मे महिन्यात दुपारनंतर गच्चीवरच्या टाकीचे पाणी आपोआप तापलेले येते, त्या दिवसांत उलट ते मगमध्ये काढून निवू द्यावे लागते.

ब्रश भिजवून एकदाच झटकावा. बदामाएवढी क्रीम ब्रशच्या टोकाला घेऊन ती गालांवर गोल फिरवावी, आणि फेस घट्ट वाटला तर ब्रशचे नुसते टोक पाण्यात बुडवून पुन्हा फिरवावे. नवखा माणूस क्रीम जास्त घेतो आणि पाणी कमी. योग्य फेसाची खूण ही की तो दह्याच्या सायीसारखा चकचकीत दिसतो आणि त्यात मोठे बुडबुडे नसतात. शेवटी ब्रश रंगवल्यासारखा वरखाली फिरवून फेस सारखा करावा.

आता रेझर. सेफ्टी रेझरचे डोके गालावर सपाट टेकवून हँडल आडवे, गालापासून सरळ बाहेर येईल असे धरावे आणि हळूहळू खाली आणत जावे. पाते कातडीला टेकून केस कापल्याचा बारीक करकर आवाज ज्या ठिकाणी येऊ लागतो, तो आपला कोन. तो साधारण ३० अंशांच्या आसपास असतो. फिरत्या डोक्याच्या रेझरमध्ये हा कोन रेझरच सांभाळतो, पण त्यामुळेच त्यात जोर लावण्याची वाईट सवय लागते. हँडलच्या टोकाकडे फक्त तीन बोटांनी धरले तर हाताला जोर लावताच येत नाही, हा मला एका वृद्ध कारागिराने शिकवलेला उपाय आहे. दुसऱ्या हाताने कातडी ताणावी, एका वेळी दोन बोटांहून लांब हात मारू नये, आणि दर दोन-तीन हातांनंतर रेझर मगमध्ये खळबळून घ्यावा.

सुरुवात कल्ल्यापासून आणि गालांपासून करावी. मग गळा. वरचा ओठ आणि हनुवटी शेवटी, कारण तेथील केस सर्वांत जाड असतात आणि त्यांना फेसाखाली तेवढी जास्त मिनिटे मिळतात. जबड्याच्या हाडावर थेट पाते फिरवू नये. कातडी वर गालाकडे ओढून तो भाग सपाट करून घ्यावा.

पहिला हात नेहमी केसांच्या दिशेने, म्हणजे सुलटा. त्यानंतरही खुंट लागत असतील तर पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा घ्यावा. फेस न लावता नुसत्या ओल्या गालावरून ‘एवढेच राहिले’ म्हणत फिरवलेल्या पात्याने जितके नुकसान होते, तितके बाकी सगळ्या चुका मिळून होत नाही. उलटा हात पहिल्या महिन्यात मारूच नये, आणि गळ्यावर तर पुष्कळांनी तो कधीच मारू नये. मी हे मोल देऊन शिकलो आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना एका लग्नाच्या सकाळी मी गुळगुळीत दिसण्याच्या हौसेने जबड्याखाली दोनदा उलटा हात मारला, वर झोंबणारे आफ्टरशेव्ह ओतले, आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून भर उन्हात गाडीने निघालो. पट्ट्याखाली घाम साचत राहिला, पट्टा घासत राहिला, आणि संध्याकाळच्या पंगतीत मी मान तिरकी धरून बसलो होतो. तेव्हापासून उन्हाळ्यात दाढी रात्री करून झोपण्याची पद्धत मी ठेवली आहे. रात्रभरात कातडी शांत होते, आणि सकाळी घाम, धूळ व पट्टा यांना ती तोंड देऊ शकते.

दाढीनंतरचे दहा मिनिट

गार पाण्याने चेहरा धुऊन ओल्या गालांवर तुरटीचा खडा हलकेच फिरवावा, अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा धुवावे. तुरटीने कातडी आकसते आणि बारीक ओरखड्यांतून येणारे रक्त थांबते. ती कोठे जास्त झोंबते याकडे लक्ष द्यावे, कारण आज आपण कोठे जोर लावला याचा तो नकाशाच असतो. तुरटी न धुता तशीच ठेवली तर कातडी कोरडी पडते, आणि हिवाळ्यात ती उलायला एवढे निमित्त पुरते. खडा आपला वेगळा असावा. घरातही वाटून घेऊ नये. खोल कापले असेल तर स्वच्छ कापडाने दोनतीन मिनिटे न उचलता दाबून धरणे हा तुरटीपेक्षाही खात्रीचा उपाय आहे.

चेहरा टॉवेलने टिपावा, पुसू नये. आफ्टरशेव्हची झोंब म्हणजे जंतू मेल्याची पावती अशी समजूत आहे; प्रत्यक्षात ती अल्कोहोलची झोंब असते आणि अल्कोहोल कातडी कोरडी करते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि हवा कोरडी असते, तेव्हा ग्लिसरीन किंवा कोरफड असलेले साधे मलमच लावावे. उन्हाळ्यात हलके लोशन पुरते, त्यावर बाहेर पडण्यापूर्वी सनस्क्रीन.

संत्रानगरीत राहत असल्यामुळे एक इशारा देतो. ताज्या दाढीवर लिंबाचा रस किंवा संत्र्याची साल चोळण्याचे घरगुती सल्ले मिळत राहतात. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर कडक ऊन पडले की ती भाजल्यासारखी लाल होऊन नंतर काळी पडू शकते. लिंबू सरबतात घालावे, संत्रे खावे.

पुळ्या वारंवार येत असतील, त्यांत पू होत असेल, किंवा दाढीच्या जागी गोल, खाजरा, कडेने वाढत जाणारा चट्टा दिसला, तर रेझर बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. असा गोल चट्टा हा बहुधा नायटा असतो. औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या स्टेरॉइड-मिश्रित क्रीमने तो आठ दिवस दबतो, पण मग दुप्पट पसरतो आणि ओळखायलाही अवघड जातो. क्रीमच्या नळीवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन ही स्टेरॉइडची नावे दिसली, तर ती चेहऱ्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

दाढी ठेवायची असेल तर

दाढी ठेवणे म्हणजे दाढी न करणे नव्हे, हे पहिल्या तीन आठवड्यांत कळते. या काळात खाज सुटते, वाढ ठिगळासारखी दिसते, आणि बरेच जण येथेच हार मानतात. वस्तरा फिरवला की केस दाट येतात, ही समजूत तर आजोबांच्या काळापासून चालत आली आहे. अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच मोजमाप करून दाखवले होते की दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो राठ लागतो, एवढेच. केसांची मुळे कातडीच्या आत असतात आणि वर काय चालले आहे याचा त्यांना पत्ता नसतो. विशीत दाढी विरळ असलेल्याची ती पुढच्या काही वर्षांत भरून येऊ शकते. दाढी उगवणारे तेल म्हणून जे विकले जाते, ते केस मऊ आणि चकचकीत करते, पण नवे केस आणत नाही. मिनॉक्सिडिल हे औषध डोक्याच्या केसांसाठी मान्य आहे. दाढीसाठी ते लावायचे असेल तर तो निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा, मित्रांबरोबर नव्हे.

ट्रिमर घेताना लांबीच्या कंगव्यांची संख्या पाहण्यापेक्षा बॅटरी लिथियमची आहे का, पाते पाण्याखाली धुता येते का आणि सुटे कंगवे नंतर मिळतात का, हे पाहावे. वापर नेहमी कोरड्या केसांवर आणि मोठ्या आकड्यापासून. आधी दहा मिलिमीटर, मग सात, मग पाच. उलट क्रमाने गेलेल्याला दाढी परत चिकटवता येत नाही. गळ्याची रेषा कंठमण्याच्या दोन बोटे वर ठेवावी. नवखे लोक ती थेट जबड्याच्या हाडावर नेतात आणि समोरून दुहेरी हनुवटी दिसू लागते. गालावरची रेषा शक्यतो नैसर्गिकच ठेवावी. कोरीव दाढी काढायला दर दुसऱ्या दिवशी वेळ लागतो आणि एक बाजू सारखी करता करता दुसरी चढत जाते. ट्रिमरच्या पात्यांना महिन्यातून दोनदा तेलाचा एकेक थेंब द्यावा.

दाढीचे तेल मूळ तेलाकडे पाहून घ्यावे. बदाम, जोजोबा किंवा साधे खोबरेल, तिन्ही चालतात. तीनचार थेंब, ओलसर दाढीत, कातडीपर्यंत. उन्हाळ्यात तेही अर्ध्यावर आणावे, कारण दुचाकीवर तोंडाला दुपट्टा बांधून फिरणाऱ्याच्या दाढीत तेल, घाम आणि धूळ यांचा लेप तयार होतो. मिशीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ओठावर येणारे केस लहान कात्रीने, तोंड मिटून कापावेत.

सलूनमध्ये गेल्यावर

घरी शिकूनही अधूनमधून सलूनमध्ये बसण्याचे सुख सोडू नये, आणि पहिल्या दोनतीन वेळा कारागिराचा हात कोणत्या दिशेने फिरतो हे आरशात नीट पाहावे. त्याहून चांगली शिकवणी नाही. आता बहुतेक ठिकाणी वस्तऱ्यात दुधारी पात्याचा अर्धा तुकडा बसवून वापरतात. तो आपल्यासमोर नवा काढला पाहिजे, कारण रक्त लागलेल्या पात्यातून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. एकदा घराजवळच्या एका दुकानात पाते बदलायला सांगितल्यावर कारागीर म्हणाला, ‘सकाळीच टाकलंय, भाऊ.’ घड्याळात संध्याकाळचे सात वाजले होते. भांडण न करता ‘नवीन टाका, त्याचे पैसे वेगळे घ्या’ एवढे म्हटले की काम होते. दुकानाचा तुरटीचा खडाही अनेकांच्या गालांवरून फिरलेला असतो. तो नको म्हणावे.

रेझर ठेवणे आणि पाते टाकणे

वापरलेला रेझर झटकून न्हाणीघराच्या बाहेर, हवेशीर जागी उभा ठेवावा. पाते टॉवेलने पुसू नये, धार आणि बोट दोन्ही जातात. जड पाण्याचा पांढरा थर रेझरच्या डोक्यावर बसला असेल, तर पाते काढून धातूचा रेझर पातळ व्हिनेगरमध्ये दहा मिनिटे ठेवावा आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासावा. विमानाने जाताना सुटी पाती हातातल्या पिशवीत चालत नाहीत. ती मोठ्या बॅगेत द्यावीत.

जुने पाते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. ओला आणि सुका कचरा हाताने निवडणाऱ्या माणसाला त्या कागदात काय आहे हे दिसत नाही. घट्ट झाकणाचा एखादा पत्र्याचा डबा घेऊन झाकणाला पाते सरकेल एवढी चीर पाडावी आणि सगळी वापरलेली पाती त्यातून आत सोडावीत. आठवड्याला एक पाते धरले तर वर्षाला बावन्न होतात, म्हणजे छोटा डबाही कित्येक वर्षे पुरतो. तो भरला की चिरेवर आणि झाकणाभोवती चिकटपट्टी लावावी, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ असे लिहावे, आणि कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाला सांगून त्याच्या हातात द्यावा.